मुंगसेंचं न दिसणारं विमान

एका जंगलात संध्याकाळी करण्यासारखं काही नव्हतं.

सकाळी पोट भरायचं असतं. दुपारी झोपायचं असतं. रात्री दुसऱ्या कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून जागं राहायचं असतं. मधली संध्याकाळ मात्र मोकळी पडायची. म्हणून त्या जंगलातले चौघे जण ओढ्याकाठच्या सपाट कातळावर जमायचे आणि 'मोहीम' खेळायचे.

मुलांनो, हा बैठा खेळ आहे. यात पळापळी नाही. यात प्रत्येकाने कुणीतरी व्हायचं असतं. आपण जे आहोत ते सोडून दुसरं कुणीही. एक जण सूत्रधार. तो सांगतो, "तुमच्यासमोर खंदक आहे. खंदकात मगर आहे. आता काय करता?" मग ज्याने त्याने आपण काय करतो ते सांगायचं. ते जमलं की फसलं, हे कवड्या ठरवतात.

कवड्या सहा होत्या. प्रत्येकाच्या प्रत्येक गुणाला एक आकडा होता. समजा, तुमचे लपण्याचे गुण तीन आहेत. कवड्या फेका. तीनपर्यंत उताण्या पडल्या तर लपलात. त्याहून जास्त पडल्या तर सापडलात. पाच गुण म्हणजे फारच भारी. सहा गुण कुणालाच द्यायचे नाहीत, असा नियम होता. कारण सहा असले की कवड्या कशाही पडोत, जमणारच. मग त्या फेकायच्या कशाला?

हा नियम सूत्रधारांनी केला होता. सूत्रधार म्हणजे घोरपडे मास्तर. जातीची घोरपड, वयाने पिकलेली. काही बोलण्याआधी दोनदा जीभ बाहेर काढून हवा चाखायची त्यांना सवय होती. कातळावर नखाने नकाशे कोरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बाकीचे तिघे खेळाडू.

साळुंकेबाई दिवसभर बोलायच्या. उठल्यापासून झोपेपर्यंत. खेळात मात्र त्या मौनीमाता होत्या. मौनीमातेने बारा वर्षं शब्द उच्चारलेला नव्हता. संध्याकाळी तेवढा वेळ साळुंकेबाई चोच मिटून बसायच्या आणि खुणा करायच्या. त्यांच्या घरचे मास्तरांना फार मानायचे. मास्तरही त्यांची अंडी खात नसत.

मुंगसे अंगाने वीतभर. सगळा जन्म नाक जमिनीला लावून पळण्यात गेलेला. खेळात ते होते सेनापती धिप्पाडसिंह. सेनापती दारातून आत येताना दाराची चौकट बरोबर घेऊन यायचे.

आणि गवारे आबा. आबा म्हणजे रानगवा. शेजारी सागाचं झाड किरकोळ वाटावं असा. जंगलात कुठेही उभे राहिले तरी ते दिसायचे. वाघालासुद्धा आधी तेच दिसायचे. लहानपणी लपाछपीत कायम त्यांच्यावरच राज्य. झाडामागे लपले तर झाडाच्या दोन्ही बाजूंनी आबा.

खेळात आबा होते चिमण. चिमण हा गवताच्या काडीएवढा बारीक हेर होता. त्याचे लपण्याचे गुण पाच. "मी सावलीतून सरकतो," असं आबा अगदी हळू आवाजात म्हणायचे. तसं म्हणताना ते खरोखर थोडे लहान दिसायचे. मास्तरांना सगळ्या खेळात ते वाक्य सर्वांत जास्त आवडायचं. पण सूत्रधाराने डावं-उजवं करू नये, म्हणून ते तसं बोलून दाखवत नसत.

त्या हिवाळ्यातली मोहीम अशी होती. कर्कटराजाने नदी अडवली होती. नदीच्या दरवाजाला कुलूप होतं. किल्ली राजाच्या उशाखाली होती. ती आणायची होती. हिवाळा सरत आला तरी किल्ली मिळाली नव्हती. कुणाला घाईही नव्हती.

एका संध्याकाळी चिमण खंदकातल्या झोपलेल्या मगरीच्या पाठीवरून चालत होता. तेवढ्यात वरून काहीतरी गेलं.

ते करड्या रंगाचं होतं. टोकदार, तिरक्या कडांचं. कुणीतरी पत्र्याला घड्या घालून भिरकावून द्यावा तसं. ते दिसलं आणि नाहीसं झालं. मग मागून आवाज आला. असा आवाज की पानं गळली, मासे तळाशी गेले आणि कातळावरच्या कवड्या आपोआप पालथ्या झाल्या.

"ह्या धरायच्या नाहीत," मास्तर म्हणाले.

मुंगसे मागच्या पायांवर उभे होते. त्यांचं तोंड वर होतं. त्यांना कुणी असं वर बघताना पाहिलं नव्हतं.

"मास्तर, मला ते पाहिजे."

"तुम्हाला की सेनापतींना?"

"दोघांना. पण आधी सेनापतींना द्या."

मास्तरांनी दोनदा हवा चाखली. नाही म्हणायला हवं होतं. कर्कटराजाच्या राज्यात अजून चाकाची गाडी आलेली नव्हती. पण मास्तरांचा एक स्वभाव होता. कुठलीही गोष्ट दिसली की तिला कवड्यांत कसं बसवावं, हा विचार त्यांच्या डोक्यात सुरू व्हायचा. पावसाचे नियम त्यांनी केले होते. मत्सराचे केले होते. विमानाचे का जमू नयेत?

"माहिती काढतो," ते म्हणाले.

माहिती पारव्यांकडे होती. पारवे म्हणजे एक पारवा. तो जंगलापलीकडच्या लष्करी विमानतळावर राहायचा, जिथे विमानं ठेवतात त्या छपराच्या तुळईवर. उंबरं खायला जंगलात यायचा. त्या विमानाच्या पंखावर तो स्वतः बसलेला होता. त्यामुळे त्याचा शब्द शेवटचा.

"वेग किती?" मास्तरांनी विचारलं.

"गुप्त आहे."

"वळतं कसं?"

"गुप्त."

"खातं काय?"

"तेही गुप्त आहे. पण वासावरून रॉकेलसारखं वाटतं."

"बरं, त्याचं वैशिष्ट्य काय?"

पारव्याने इकडेतिकडे पाहिलं. मान दोनदा पुढेमागे केली. "ते दिसत नाही. त्याला स्टेल्थ म्हणतात."

"आम्हाला तर दिसलं."

"तुमच्या डोळ्याला दिसणारच. रडारला दिसत नाही. रडार म्हणजे एक यंत्र असतं. ते सारखं हाक मारत बसतं. हाक एखाद्या वस्तूला आपटते आणि माघारी येते. मग यंत्राला कळतं, अमुक ठिकाणी कुणीतरी आहे. पण ह्या विमानाचं अंग असं तिरकं घडवलंय, की हाक भलतीकडेच निघून जाते. वरून एक लेप असतो. उरलीसुरली हाक तो गिळतो. यंत्र बिचारं वाट बघत बसतं."

मास्तर थक्क झाले. त्यांना वाटलं होतं जादू असेल. ही तर साधी घडी घालण्याची गोष्ट होती.

त्या दिवसापासून मास्तर खाणंपिणं विसरले. त्यांनी पळसाचं एक वाळत आलेलं पान निवडलं आणि त्याला घड्या घालू लागले. एक कड जराशी सरळ झाली की मोडायचे. पुन्हा दुसरं पान. तोंडासमोर धरून ते पानाला हळूच हाक मारायचे आणि हाक परत येते का ते ऐकायचे. शस्त्रं बाहेर लटकवली तर हाक त्यांना आपटेल, म्हणून पानाच्या पोटात कप्पा केला. त्यात बाभळीचे काटे ठेवले. लेपाला डिंक आणि कोळसा. काम पुरं झालं तेव्हा ते पान सगळ्या बाजूंनी वेगळं दिसत होतं आणि कुठूनही सुंदर दिसत होतं. मास्तरांनी आयुष्यात इतकी चांगली वस्तू केली नव्हती. ती त्यांनी कातळावर ठेवली.

आता नियम करायचे राहिले होते.

वेगाचा पहिला घोळ झाला. सेनापती "निघालो" म्हणायचे तोवर पोहोचलेले असायचे. नकाशा संपायचा. मास्तरांनी शेजारचा कातळ घेतला. तोही पुरेना. मग ओढ्याकाठची वाळू घेतली. त्यात समुद्र काढला. सेनापती समुद्र ओलांडून परत आले तेव्हा चिमणने मगरीच्या पाठीवर एक पाऊल टाकलं होतं.

दुसरा घोळ लपण्याचा.

"सहा गुण पाहिजेत," मुंगसे म्हणाले.

"सहा कुणालाच नाहीत. चिमणलाही पाचच आहेत."

"चिमण हेर आहे. हे विमान आहे. पाचच द्यायचे तर एवढं तिरकं कशाला केलंत?"

पारवा उंबरावर बसून ऐकत होता. "खऱ्याला तर सात आहेत," तो म्हणाला. "पण ते गुप्त आहे."

मास्तरांनी पुष्कळ विचार केला आणि तोडगा काढला. विमानाचे लपण्याचे गुण रडारपुढे सहा आणि डोळ्यापुढे दोन. खरं तसंच होतं. नियमही फारसा मोडला नव्हता. मास्तर स्वतःवर खूश झाले.

तेव्हा आबा म्हणाले, "पण मास्तर, कर्कटराजाकडे रडार कुठंय?"

मास्तरांनी नकाशा खंदकापासून समुद्रापर्यंत तपासला.

"नाहीये," मास्तर म्हणाले.

"मग मी लपू कोणापासून?" मुंगसे ओरडले. "माझे सहा गुण काय डोंबलाचे? लपायचं तर समोर बघणारं कुणीतरी पाहिजे!"

मुद्दा बरोबर होता. म्हणून कर्कटराजाला रडार देण्यात आलं. शत्रूला एवढी मोठी भेट आजवर कुणी दिली नसेल. मास्तरांनी ओढ्यातला एक शिंपला घेतला आणि काटकीवर उभा करून नकाशातल्या किल्ल्याच्या बुरुजावर खोचला.

"ह्याला काय काय दिसतं?" त्यांनी पारव्याला विचारलं.

"सगळं," पारवा म्हणाला. "मुंगीसुद्धा." ह्यातलं त्याला काही माहीत नव्हतं. पण जाणकाराला असं सांगणं बरं दिसत नाही.

तर मुलांनो, असं ठरलं. नकाशावर जे जे हलेल ते रडारला दिसेल. फक्त विमान दिसणार नाही.

खेळ सुरू झाला. पहिली पाळी आबांची होती.

"मी मगरीच्या शेपटीवरून उतरतो," आबा हळू आवाजात म्हणाले. "आणि सावलीतून सरकतो."

त्यांनी कवड्या फेकल्या. दोनच उताण्या पडल्या. इतकी चांगली फेक हिवाळाभर पडली नव्हती. आबांचे कान आनंदाने हलले.

मास्तरांनी एकदा हवा चाखली. पुन्हा एकदा चाखली.

"आबा, सापडलात."

"दोनच पडल्यात, मास्तर."

"ते डोळ्यासाठी झालं. रडारला तुम्ही दिसलात. पहारेकऱ्यांनी चिमणला धरलं."

आबांनी शिंपल्याकडे बराच वेळ पाहिलं.

"पण मी आधीपासूनच लपलेलो होतो," ते म्हणाले. "हिवाळाभर मी तिथे लपून आहे."

ह्यावर मास्तरांकडे नियम नव्हता.

मुंगसेंना दम धरवत नव्हता. "चिमण तुरुंगातून सुटला असं धरू. म्हणजे पुढे जाता येईल. मला आता धावपट्टी लागेल. जंगल साफ करायला पाहिजे. चिमण झाडं पाडेल."

"चिमण?" आबा म्हणाले. "चिमण गवताच्या काडीएवढा आहे."

"अहो, पण तुम्ही गवा आहात ना!"

मुंगसेंच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना धावपट्टी हवी होती, एवढंच. पण त्या कातळावर कुणी कुणाला तू कोण आहेस असं आजवर म्हटलं नव्हतं. साळुंकेबाईंनी मौनीमातेच्या दोन्ही पंखांनी डोळे झाकून घेतले.

आबा उठले. "येतो," म्हणाले आणि निघाले. झाडांमधून ते बराच वेळ जाताना दिसत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत.

खेळ मात्र जोरात होता. विमानाला लेप लावायचा. लेप वाळायची वाट बघायची. एक फेरी मारली की लेप खरवडला जायचा, मग पुन्हा लावायचा. हे सगळं खरं होतं, पारव्याने सांगितलेलं. त्यामुळे सेनापती धिप्पाडसिंह बहुतेक संध्याकाळी छपराखाली बसून लेप वाळताना पाहायचे. विमान उतरवायला कुणीतरी सूचना देणारं हवं, म्हणून मौनीमातेला मनोऱ्यावर बसवलं. तिला बोलावं लागलं. "उतरा. थांबा. वारा डावीकडून आहे. नाही, तुमच्या डावीकडून." साळुंकेबाई दिवसभर बोलून यायच्या आणि संध्याकाळीही बोलायच्या. त्यांचा घसा बसला.

शेवटी लेप वाळला. सेनापती उडाले. कर्कटगडावर गेले. बाभळीचा काटा टाकला. नदीचा दरवाजा मोडला. पाणी वाहू लागलं.

कवड्या एकदाही फेकाव्या लागल्या नाहीत.

"झालं?" साळुंकेबाईंनी विचारलं.

"झालं," मास्तर म्हणाले.

"किल्ली?"

"आता कशाला लागेल?"

मुंगसे छाती काढून बसले होते. "मास्तर, कर्कटराजा काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला."

"घाबरला असेल ना?"

सूत्रधाराला खोटं बोलता येत नाही. मास्तर म्हणाले, "त्याला माहीतच नाही तुम्ही येऊन गेलात. रडारवर काही दिसलं नाही. त्याला वाटलं, दरवाजा कुजून पडला. त्याने सुताराला बोलावलंय."

मुंगसेंचं तोंड उतरलं. "मग मी पुन्हा जातो."

ते पुन्हा गेले. नवा दरवाजा मोडला. राजाने सुताराला कामावरून काढलं. ते परत गेले. किल्ल्यावर तीन घिरट्या मारल्या, एक कोलांटी घेतली. अतिशय सुंदर कोलांटी होती. कुणाला दिसली नाही. खाली पहारेकरी रडारकडे बघत बसले होते. वर बघायची त्यांची सवय मोडली होती.

हळूहळू कातळावर येणं कमी झालं. आज मुंगसेंना काम असे, उद्या साळुंकेबाईंचा घसा. एका संध्याकाळी मास्तर एकटेच आले. पळसाचं पान आणि शिंपला समोरासमोर होते. मास्तरांनी पान उचललं. फाडून टाकलं तर सगळं पूर्वीसारखं होईल, हे त्यांना समजत होतं. त्यांनी पानाची कड नखाने नीट केली आणि परत ठेवलं.

मग ते आबांकडे गेले.

आबा डबक्यात बसले होते. मानेपर्यंत चिखल. तरी शिंगं वर दिसत होती.

"आबा, घरी सगळे ठीक?"

"ठीक."

"खेळायला येत नाही."

"चिमण पकडला गेला ना."

"सोडतो त्याला."

"सोडून काय होणार? पुन्हा दिसेल." आबांनी कानाने माशी हाकलली. "मास्तर, माझं काय होतं तुम्हाला सांगतो. मी पाण्यावर गेलो की हरणं बाजूला होतात. मी गवतात बसलो की बगळे पाठीवर येऊन बसतात. वाघ तर लांबून बघून आपली तयारी करतो. मी कुठंही असलो की सगळ्यांना ठाऊक असतं. त्या एका कातळावर मी कुठं आहे ते कुणाला कळायचं नाही."

विमान काढून टाकतो, असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आबा, रडारला खेळाडू नाही. मीच त्याच्या बाजूने बोलतो. माझ्याने होत नाही. तुम्ही रडार व्हाल?"

"मी?" आबा म्हणाले. "मी लपणारा आहे."

"बघा, तुमची इच्छा."

एक बगळा आला आणि आबांच्या शिंगावर बसला.

"त्याला सगळं दिसतं, असं पारवे म्हणाले होते ना?" आबांनी विचारलं.

"विमान सोडून सगळं."

"आणि रडार कुणाला दिसतं?"

"त्याच्याकडे कोण बघणार? जो तो आपण सापडू नये ह्या काळजीत."

आबा उठले. चिखल खळखळ गळला. बगळा उडून गेला.

त्या संध्याकाळी चौघे पुन्हा कातळावर बसले. आबा शिंपल्यामागे बसले होते. सुरुवातीला ते लाजत होते. "कुणीतरी हललं वाटतं," असं चाचरत म्हणायचे. मग आवाज सुटला. "नदीकाठी दोन कोळी. झाडावर एक माकड. मौनीमाता मनोऱ्यावरून उतरून झोपडीत चाललीय."

"मी जरा पाणी प्यायला चालले होते," साळुंकेबाई म्हणाल्या.

"दिसलं," आबा म्हणाले. त्यांचे कान आनंदाने हलले.

आबा इतके खूश कधी झाले नव्हते. ते वेळेआधी यायला लागले. कर्कटराजाच्या राज्यात कुणी शिंकलं तरी आबा सांगायचे. मास्तरांनी एकदा हळूच विचारलं, "चिमणचं काय करायचं? अजून तुरुंगात आहे."

"घरी पाठवा त्याला," आबा म्हणाले. "हल्ली तो फार दिसतो."

मास्तरांना ते लागलं. पण आबांचा चेहरा इतका समाधानी होता, की त्यांनी चिमणला घरी पाठवलं.

राहिले मुंगसे. आबांना माकड दिसायचं, कोळी दिसायचे, पण सेनापती धिप्पाडसिंह डोक्यावरून गेले तरी दिसायचे नाहीत. मुंगसे कोलांटी घ्यायचे आणि आशेने आबांकडे बघायचे.

"काही दिसलं?"

"एक कासव," आबा म्हणायचे.

एके दिवशी खेळ संपल्यावर मुंगसे मागे थांबले. पायाने वाळू उकरत उभे राहिले.

"मास्तर, एक विचारू? आपलं विमान थोडं दिसलं तर नाही का चालणार?"

"दिसलं तर?"

"जास्त नाही. जरासं. आबांना कळण्यापुरतं. मी काय काय करतो वर, कुणाला पत्ताच नाही. घरी सांगितलं तर बायको म्हणते, तुम्ही कातळावर बसलेले होतात."

"मुंगसे, ते दिसू नये म्हणून मी किती पानं मोडली, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," मुंगसे म्हणाले. "म्हणून तर आजवर बोललो नाही."

उंबरावरून पारवा म्हणाला, "खऱ्यालाही लावतात."

"काय लावतात?"

"पोटाखाली एक गोळा. एवढासा. लढाई नसेल तेव्हा लावतात. त्याला हाक आपटली की जोरात परत येते. मग विमान सगळ्यांना लांबून दिसतं."

मास्तरांना आधी खरं वाटेना. "म्हणजे आधी दिसू नये म्हणून एवढा खटाटोप करायचा, आणि मग दिसावं म्हणून गोळा?"

"हे गुप्त नाही," पारवा म्हणाला. "हे सगळ्यांना ठाऊक आहे."

मास्तरांनी एक रिठा आणला. पळसाच्या पानाखाली डिंकाने चिकटवला. चिकटवताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. इतक्या कडा, इतक्या घड्या, आणि खाली लोंबणारा रिठा. गायीच्या गळ्यातल्या लोढण्यासारखा.

दुसऱ्या संध्याकाळी सेनापती उडाले.

आबा शिंपल्यामागे ताठ बसले. मग एकदम उभे राहिले. कातळ हादरला.

"दिसलं! पश्चिमेकडून! उंचावर! काय वेग आहे! अरे, कोलांटी घेतली की!"

मुंगसेंच्या डोळ्यांत पाणी आलं. "दिसलो?"

"स्पष्ट दिसलात!"

"पुन्हा घेऊ?"

"घ्या! बघतोय मी!"

साळुंकेबाईंनी पंख फडफडवून टाळ्या वाजवल्या. आवाज ऐकून आणखी मंडळी गोळा झाली. मुंगसेंची बायको आली. दोन ससे आले. उडून दाखवायचं आणि बघून सांगायचं, असा खेळ मग रोजच रंगू लागला. नदीचा दरवाजा पुन्हा बसवला होता की नाही, हे कुणी विचारलं नाही.

अशाच एका संध्याकाळी मास्तर आणि आबा बरोबरच घरी निघाले. आबा पुढे होते. मास्तर मागे पडले. त्यांना जरा एकटं चालावंसं वाटत होतं, म्हणून ते पायवाट सोडून करवंदीच्या जाळीमागून चालू लागले.

"मास्तर," आबा मागे न बघता म्हणाले, "जाळीमागे गेलात का? सरळ वाटेने चला. मला दिसताय तुम्ही."

मास्तर वाटेवर आले.

तात्पर्य: मुलांनो, ज्याला लपायला आवडतं त्याला पहाऱ्यावर बसवावं. ज्याला मिरवायला आवडतं त्याला न दिसणारं विमान द्यावं, आणि त्याखाली एक रिठा लावावा. म्हणजे दोघंही सुखी होतात. गवताच्या काडीएवढं जे कोणी असेल, त्याने उगीच मध्ये हलू नये.